पंख मोजा, खण मोजा, मग नाव घ्या : जुनी विमाने ओळखण्याच्या खेळाची रीत

रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण सोलापुरात एका गच्चीवर जमतो. एक इंजिनीअरिंगला असलेला भाचा, दहावीतली एक मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले दोघे आणि जन्मभर जॅकार्डची डिझाइने काढलेले एक मामा. उन्हाळ्यात सहालाच बसावे लागते, आठनंतर फरशी पाय टेकू देत नाही. सतरंजीच्या मधोमध एक जुना फोटो ठेवला जातो. १९०३ ते १९१४ या अकरा वर्षांतले कुठले तरी विमान. नाव, बनवणारा आणि साधारण साल सांगायचे. एवढाच खेळ.

बाहेरच्याला वाटते की हे पाठांतराचे काम आहे. शंभर विमानांची नावे पाठ असलेला माणूसही पहिल्या दिवशी सपशेल हरतो, कारण तो फोटो पाहत नाही, आठवणीत शोधत बसतो. या खेळात पाहण्याचा क्रम लागतो. आधी काय पाहायचे, मग काय, आणि कुठल्या खुणेवर किती भरवसा ठेवायचा. तो क्रम आम्हाला बऱ्याच रविवारांनी सापडला. तो इथे सविस्तर मांडतो, म्हणजे कुणालाही आपल्या गावात हा खेळ सुरू करता येईल.

हीच अकरा वर्षे का? कारण तेव्हा विमान कसे दिसायला हवे हे कुणालाच ठरवता आलेले नव्हते. शेपटी पुढे की मागे, पंख एक की वीस, पायलटने बसायचे की पालथे झोपायचे, प्रत्येक जण आपापल्या परीने करून पाहत होता. पुढे महायुद्धात कारखान्यांतून एकासारखी एक शेकडो विमाने बाहेर पडू लागली. त्याआधीचे जवळजवळ प्रत्येक विमान कुणा एकाच्या डोक्यातून आणि हातातून उतरलेले असते, आणि ते हस्ताक्षरासारखे ओळखता येते.

साहित्य

फोटो मोबाइलवर पाहू नका, छापून घ्या. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकार पुरतो. सोबत भिंग हवे. आमच्याकडे मामांचा गिरणीतला पिक ग्लास आहे. कापडातले उभे-आडवे धागे मोजायला वापरतात ते घडीचे पितळी भिंग, जेमतेम इंचभर चौकोनाचे. ते फोटोवर ठेवले की बाकीचे सगळे झाकले जाते आणि डोळा त्या एका इंचातच राहतो. या खेळाला यापेक्षा चांगले हत्यार मी पाहिलेले नाही. एक काळजी घ्या : भिंगाखाली ओळीने ठिपके दिसू लागले तर ते चित्र छापील पुस्तकावरून घेतलेले आहे. ठिपक्यांच्या आत आणखी तपशील नसतो, तिथे डोळे फोडून उपयोग नाही.

एक वही, शिसपेन्सिल आणि फोटोखालची ओळ झाकायला कागदाची पट्टी. पट्टी विसरू नका. त्या काळच्या पोस्टकार्डांवरची नावे पुष्कळदा फोटोवाल्याने ऐकीव टाकलेली असतात. एकदा वाचली की डोळ्याला तेच दिसू लागते. फोटोवरून इंटरनेटवर शोध घेणेही उत्तर फुटेपर्यंत बंद. तिथेही तीच चुकीची ओळ जागोजागी उतरवलेली सापडते.

पहिली पायरी : पंख आणि खण

नाव सुचले तरी गिळून टाका आणि मोजायला लागा. पंखांचे किती थर? एक, दोन, तीन? बाजूने काढलेल्या फोटोत दोन पंख एकमेकांत मिसळून एकच वाटतात, म्हणून पंखांना जोडणारे उभे खांब शोधा. खांब दिसले की थर दोन किंवा अधिक.

मग खण मोजा. आपण घर तीन खणी की पाच खणी म्हणतो, तसेच दोन पंखांच्या मधले खण खांबांच्या जोड्यांनी पडतात. मधला सांगाडा सोडून एका बाजूला किती खण आहेत ते वहीत लिहा. खणांची संख्या सहसा बदलत नाही. चाके बदलतात, इंजिन बदलते, शेपटीला ठिगळे लागतात, पण खण बदलायचे तर अख्खा पंखच नवा बांधावा लागतो. म्हणून या खुणेवर भरवसा जास्त.

खणांच्या मध्ये उभे पडदे ताणलेले दिसले तर थांबा. फ्रान्सच्या व्हुआझाँ बंधूंची त्या काळातली बरीच विमाने अशीच होती, पेटीच्या पतंगासारखी. त्यांच्याच विमानावर आँरी फारमनने १३ जानेवारी १९०८ ला युरोपात पहिल्यांदा एक किलोमीटरचा फेरा पूर्ण केला.

दुसरी पायरी : पुढची बाजू कोणती?

आज हा प्रश्न विचित्र वाटेल, पण नवखा माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो. सांतोस-द्युमाँचे १९०६ चे '१४-बिस' पाहा. लांब मानेच्या टोकाला पेटी, आणि पंख व पंखा, म्हणजे प्रोपेलर, मागे. भाच्याने त्याचा फोटो उलटा समजून शेपटीला नाक म्हटले होते, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. दिशा ठरवायला तीन गोष्टी पाहा. पायलटचा चेहरा कुठे आहे. पंखाची जाड, गोलसर कड कुठल्या बाजूला आहे, कारण तीच पुढची. आणि प्रोपेलर मुख्य पंखाच्या पुढे आहे की मागे. प्रोपेलर मागे असेल तर विमान ढकलणारे, पुढे असेल तर ओढणारे. वहीत एवढे दोनच शब्द लिहिले तरी निम्मी नावे बाद होतात.

राइट बंधूंचे विमान या टप्प्यावरच हाती लागते. मागे दोन प्रोपेलर, आणि एकाच इंजिनावरून ते फिरवणाऱ्या सायकलसारख्या साखळ्या. १७ डिसेंबर १९०३ ला जे विमान बारा सेकंद आणि १२० फूट उडाले, त्याला चाकेही नव्हती. खाली घसरपट्ट्या होत्या आणि ते रुळावरून सोडत. एलेव्हेटर, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणारी आडवी फळी, पुढे. १९१० मध्ये त्यांनी मॉडेल बी काढले, त्यात एलेव्हेटर मागे गेला आणि चाके आली. म्हणजे साखळ्या दिसल्या, पण पुढे काहीच नाही आणि खाली चाके आहेत, तर साल १९१० च्या अलीकडचे. एका खुणेने नाव मिळते, दुसरीने साल. अशा जोड्या वहीत जमवत जा.

तिसरी पायरी : इंजिन

इथे मन लावून बसा. सांगाडे घरोघरी बनत, पण इंजिने थोड्याच लोकांची होती.

पंख्याच्या मागे पंजासारखे तीन सिलिंडर फाकलेले दिसले तर ते बहुधा आंझानी. २५ जुलै १९०९ ला लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली ती याच २५ अश्वशक्तीच्या इंजिनावर. सिलिंडरांच्या दोन तिरप्या रांगा, बारीक निमुळत्या होडीसारखे अंग आणि लांब त्रिकोणी शेपटी असेल तर आंत्वानेत. माझ्या मते त्या काळातले सगळ्यात देखणे विमान हेच.

आणि वर्तुळात सात सिलिंडर असतील तर नोम. याची गंमत नीट समजून घ्या. यात सिलिंडरांसकट अख्खे इंजिन प्रोपेलरबरोबर गरगर फिरते, आणि मधला दांडा मात्र विमानाला पक्का जखडलेला असतो. गार राहायला त्याला पाणी लागत नाही. वंगण म्हणून एरंडेल तेल, तेच फिरताना चहूकडे उडते. पुढच्या काळात इंजिनावर घोड्याच्या नालासारखे पत्र्याचे झाकण आले, त्याचे एक काम पायलटला या तेलापासून वाचवणे हे होते. उडत्या विमानाच्या फोटोत नोमचे सिलिंडर वेगळे दिसतच नाहीत, धुरकट चकती दिसते. आंझानीचे सिलिंडर मात्र पंखा फिरत असला तरी स्पष्ट दिसतात. ५० अश्वशक्तीचा नोम विमानांवर दिसू लागला १९०९ मध्ये, त्यामुळे नोम दिसला की त्याआधीची सगळी साले खोडून टाका.

चौथी पायरी : विमान कलते कसे?

पंखांच्या मागच्या कडेला हलणारे तुकडे, म्हणजे एलेरॉन, आहेत का? की अख्खा पंखच तारांनी पिळला जातो? राइट, ब्लेरिओ आणि सुरुवातीची बरीच मंडळी पंख पिळत. अमेरिकेतल्या कर्टिसच्या १९०९ च्या विमानात एलेरॉन दोन पंखांच्या मध्ये, खांबांवर बसवलेले असतात. ही खूण लांबूनही दिसते.

फारमनचे १९०९ चे तिसरे मॉडेल जमिनीवर उभे असताना पाहा. त्याचे एलेरॉन पाणी पिऊन जड झालेल्या पडद्यासारखे खाली लोंबतात. ते एकाच बाजूने ओढता येत आणि उडताना वाऱ्याने आपोआप वर येत. आमच्यातली दहावीची मुलगी त्याला 'कान पाडलेले विमान' म्हणते. हीच खूण आता गच्चीवर सगळ्यांच्या तोंडी आहे.

पाचवी पायरी : शेपटी आणि चाके

शेपटीचे थर, सुकाणूंची संख्या आणि त्यांचा आकार काढून ठेवा. शब्दांत लिहू नका, रेघा ओढा. चाकांच्या बाबतीत दोन ठळक खुणा सांगतो. ब्लेरिओच्या अकराव्या मॉडेलच्या, म्हणजे ब्लेरिओ अकराच्या, पुढच्या चाकांभोवती पलंगाच्या चौकटीसारखा सांगाडा असतो, आणि अंगाचा मागचा भाग उघडा, कापडाविना. एस्नो-पेलतेरीच्या एकपंखी विमानाला चाके पोटाखाली एकामागे एक, आणि तोल सावरायला पंखांच्या टोकांना एकेक चाक. उभे असताना ते एका पंखावर कललेले असते, म्हणून कुणी अपघाताचा फोटो समजू नये.

कापड पाहायला शिका

ही पायरी सोलापूरकराने चुकवू नये. चादरी आणि टॉवेल हाताळत मोठी झालेली आपली माणसे इथे पुस्तकी जाणकारांनाही मागे टाकतात.

त्या काळी बहुतेक विमाने कापडाची. कापड न रंगवता नुसते वॉर्निश दिलेले असेल आणि ऊन मागून असेल तर पंखाच्या आतल्या फासळ्या सावलीसारख्या उमटतात. त्या मोजा. कित्येक पंखांना कापड एकाच बाजूने असे, ते खालून पाहिल्यावर कळते. पन्ह्याला पन्हा जोडल्याच्या शिवणी कुठल्या दिशेने गेल्या आहेत ते पाहा. ठिगळे असतील तर त्यांची जागा लिहून ठेवा. दोन वेगळ्या फोटोंतले विमान एकच आहे का, हे ठरवायला ठिगळासारखी खात्रीची खूण नाही.

राइट बंधूंनी १९०३ च्या विमानाला कोरी सुती मसलिन उरेब लावली होती. धागे चौकटीला तिरपे, ४५ अंशांत. हे मी वाचून दाखवले तेव्हा मामा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "बरोबर आहे की. सरळ लावलं असतं तर कोपऱ्यातून खेचलं गेलं असतं. उरेब लावलं की कापडच सांगाड्याला आवळून धरतं." हेच कारण होते. त्यांनी आयुष्यात विमानाचे एकही पुस्तक वाचलेले नव्हते.

फोटो कुठे फसवतो

फोटो काढायच्या जुन्या काचा आणि फिल्म बहुतेक निळ्या रंगाला फार हळव्या आणि लालाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे निळा रंग फिकट उमटतो, लाल आणि बऱ्याचदा पिवळाही काळपट. काळे दिसते म्हणून काळेच होते असे धरू नका. आकाश कोरे पांढरे दिसते त्याचेही कारण हेच, आणि त्या कोऱ्या आकाशात विमान चिकटवणे फोटोवाल्यांना सोपे जाई. उडते विमान गर्दीच्या मानाने फार मोठे वाटले, त्याच्यावरचा उजेड एका बाजूचा आणि माणसांच्या सावल्या दुसऱ्या बाजूच्या असल्या, तर चित्र जोडलेले समजा.

काही वेळा काच उलटी छापलेली असते. अक्षरे, कोटाची बटणे, दुकानाची पाटी पाहा.

प्रतिकृतीही फसवतात. इंग्लंडच्या शटलवर्थ संग्रहात ब्रिस्टल कंपनीच्या बॉक्सकाइट विमानाची उडणारी प्रतिकृती आहे, ती १९६० च्या दशकात चित्रपटासाठी बांधलेली. तिचा फोटो तपकिरी करून कुणी समोर ठेवला तर इंजिन पाहा. गोल फिरणारा नोम नाही, आधुनिक आडव्या सिलिंडरांचे इंजिन आहे.

एक फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत

गेल्या हिवाळ्यात बँकवाल्या काकांनी एक कोडे घातले. दोन थरांचे पंख. पुढे दांड्यांवर एलेव्हेटर. प्रोपेलर मागे. पायलट खालच्या पंखाच्या कडेवर उघड्यावर बसलेला. भाच्याने पाच सेकंदांत 'फारमन' म्हणून टाकले. काका नुसते हसले.

मग क्रमाने पाहिले. विमान ढकलणारे, पंख दोन थरांचे, म्हणजे फारमनच्या वळणाचे खरेच. त्या वळणाची विमाने त्या काळी अनेकांनी बांधली. मागच्या गर्दीत फेटे आणि पगड्या, म्हणजे जागा हिंदुस्थान. इथे १९१०-११ चा हिवाळा आठवायला हवा. ब्रिस्टल कंपनीने तेव्हा बॉक्सकाइट विमाने इकडे पाठवली होती, आणि जानेवारी १९११ मध्ये आपल्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, घोडदळाच्या सरावात आँरी ज्युलेरोने कॅप्टन सेफ्टन ब्रँकरला टेहळणीसाठी बरोबर घेऊन ते उडवले. मराठी मुलखाच्या आकाशातल्या अगदी पहिल्या विमानांपैकी ते एक. त्यामुळे दोघातिघांनी हिरिरीने 'बॉक्सकाइट' म्हटले. मलाही तेच हवे होते, खरे सांगतो.

मुलीने पिक ग्लास शेपटीवर ठेवला. "शेपटी एकाच थराची आहे," ती म्हणाली. फारमन तीन आणि बॉक्सकाइट, दोघांचीही आडवी शेपटी दोन थरांची, पेटीसारखी. इथे एकच फळी. दोन्ही नावे बाद. फारमनच्या वळणाचे, पण एका थराच्या शेपटीचे विमान बनवले रॉजे सोमरने. तो आधी स्वतः फारमनचे विमान उडवत असे. त्याच्या विमानाची इंग्लंडमधली आवृत्ती कॉव्हेंट्रीच्या हंबर कंपनीने काढली, सायकली आणि मोटारी बनवणाऱ्या त्याच हंबरने. आणि हंबर-सोमर अलाहाबादला आले होते. १८ फेब्रुवारी १९११ ला आँरी पेके सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीला उतरला. अंतर दहाएक किलोमीटर, वेळ तेरा मिनिटांच्या आसपास. जगातली ती पहिली अधिकृत विमानटपाल.

गर्दी आणि पोशाखांवरून आम्ही मुलूख बरोबर ओळखला होता, पण मुलखावरून विमान ठरवायला गेलो तिथे चुकलो. विमान शेपटीने सांगितले. पार्श्वभूमीने नावे सुचवावीत, ठरवावे मात्र विमानाच्या अंगावरच्या खुणेनेच.

उत्तर कसे द्यायचे

आमचे नियम थोडे आहेत. नुसत्या नावाला एक गुण. नावासोबत खूण सांगितली तर प्रत्येक खुणेला एक. जवळचे कुठले नाव का बाद केले हे सांगितले तर दोन. त्यामुळे चुकीचे नाव घेऊनही माणूस जिंकू शकतो, आणि ते योग्यच आहे. प्रत्येकाला एक प्रश्न, तोही हो-नाही उत्तराचा. 'हे फ्रेंच आहे का?' हा प्रश्न वाया जातो, कारण निम्मी विमाने फ्रेंचच होती. 'याच्या नावात दोन माणसांची नावे आहेत का?' हा चांगला प्रश्न.

जिंकणारा पुढचे कोडे घालतो. घालणाऱ्यावर एक सक्त बंधन : त्याचे उत्तर दोन स्वतंत्र ठिकाणांहून पडताळलेले हवे, एकमेकांवरून उतरवलेले नको. आणि फोटो किंवा त्या काळचे रेखाचित्र नसेल तर ते विमान खेळात येत नाही. शिवकर बापूजी तळपदे यांचा विषय सोलापुरात दर वेळी कुणी तरी काढतेच. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याचे सांगतात, पण त्याचा ठोस पुरावा किंवा फोटो नाही, म्हणून आम्ही त्यावर बोलतो, पण कोडे घालत नाही.

सुरुवात कशाने करावी

पहिले दोन महिने दहाच विमाने घ्या आणि त्यांचे वेगवेगळे फोटो पाहा. राइट मॉडेल ए, व्हुआझाँ, ब्लेरिओ अकरा, आंत्वानेत, फारमन तीन आणि कर्टिस यांच्या खुणा वर आल्याच. त्यात सांतोस-द्युमाँचे दम्वाझेल घाला, बांबू वापरून केलेले, इतके छोटे की पायलट पंखाखाली चाकांच्या मध्येच बसतो. ए. व्ही. रो यांचे १९०९ चे तीनपंखी घाला, ज्याच्या पंखांना कापडाऐवजी तपकिरी कागद होता. ऑस्ट्रियाच्या इगो एट्रिखचे टाउबे घाला. टाउबे म्हणजे पारवा, आणि पंखही तसेच मागे वळलेले, पण आकार घेतला तो झानोनिया या वेलीच्या तरंगत जाणाऱ्या बीवरून. टाउबे अनेक कारखान्यांनी बनवले, म्हणून 'टाउबे' एवढे उत्तर अर्धेच धरा. दहावे देपेर्दुसाँचे १९१२ चे शर्यतीचे विमान. लाकडी पातळ थरांचे गुळगुळीत अंग, त्यात खांब-तारांचे जंजाळ नाही. १९१३ मध्ये त्याने ताशी २०० किलोमीटरचा वेग ओलांडला. राइटच्या पहिल्या उड्डाणानंतर फक्त दहा वर्षांनी!

ही दहा डोळ्यांत बसली की अवघड कोडी घाला. आँरी फाब्रचे २८ मार्च १९१० ला पाण्यावरून उठलेले पहिले विमान. १९०६ चे त्रायान व्हुइयाचे वटवाघळासारख्या पंखांचे. अंगाच्या पार शेपटीला प्रोपेलर असलेले १९११ चे पोलाँ-तातँ. झडपांच्या खिडकीसारखे एकावर एक पंख रचलेले होरेशियो फिलिप्सचे. शेवटचे दोन थर मोजून झाल्यावर कुणी तरी नक्कीच पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतो.

फोटोच्या मागे उत्तर लिहाल ते शिसपेन्सिलीने लिहा, तारीख घाला, आणि खोडलेली नावे पुसू नका, नुसती एक रेघ मारा. आमच्या त्या अलाहाबादच्या फोटोमागे 'फारमन' रेघ मारलेले आहे, त्याखाली 'बॉक्सकाइट' रेघ मारलेले, आणि त्याखाली दहावीतल्या मुलीच्या अक्षरात 'हंबर-सोमर, शेपटी पाहा'.